आईला शुद्ध बोलायला शिकवलं तेव्हा

मी तेरा वर्षांची असताना आईचं बोलणं सुधारायला घेतलं आणि पंधराव्या वर्षापर्यंत ते काम पुरं केलं. पुढे डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, शेकडो मुलं हाताखालून गेली, पण इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला थोडं माहीत आहे, तेही तिच्या आजीकडूनच, आणि आजीनं ते कौतुकानं सांगितलेलं. 'तुझ्या आईनं मला बोलायला शिकवलं,' असं ती म्हणायची. ते कौतुक होतं की आणखी काही, हे मला कधीच कळलं नाही.

आम्ही तेव्हा वर्तकनगरच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा मूळचे खाडीकाठचे, घरचं मिठागर होतं. ते गेलं आणि बाबांना एका कारखान्यात नोकरी लागली. आई आंबिवलीच्या बाजूची, नदीपलीकडच्या गावातली. दोन खोल्या, पुढे लांबलचक गॅलरी, आणि त्या गॅलरीत सकाळपासून बायकांचे आवाज. नळाला पाणी सहाला यायचं. त्याच्या आधी आई पाट्यावर वाटण घेऊन बसलेली असायची आणि वरवंट्याच्या लयीत स्वतःशीच काहीतरी बोलत असायची. आई सारखी बोलायची. शेगडीवरच्या भाकरीशी, स्टोव्हशी, न येणाऱ्या नळाशी. तांदळाची भाकरी तव्यावर फुगली की तिला 'आली गो माजी बाय' म्हणायची. दुपारी सुकट परतली की वास जिना उतरून खालच्या वाण्यापर्यंत जायचा आणि वाणी वर बघून विचारायचा, 'काय जनाबाई, आज काय?' आई गॅलरीतून वाकून त्याला सगळा स्वयंपाक सांगायची. तिचा आवाज मोठा होता. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारणाऱ्या बाईचा आवाज तो.

आमच्या बोलीत ड चा र होतो, ळ चा ल होतो आणि ण चा न. लुगड्याला लुगरं, मासळीला मासली, पाण्याला पानी. मला म्हणजे 'मना'. मी याच बोलीत वाढले आणि त्यात काही वावगं आहे हे मला सातवीपर्यंत ठाऊक नव्हतं. सातवीत शाळा बदलली. नव्या शाळेत बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर छडी ठेवून विचारलं, हा कोणता प्राणी, आणि मी सगळ्यांच्या आधी उभी राहून मोठ्यानं म्हणाले, 'घोरा.' बाई हसल्या नाहीत. वर्ग हसला. त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत मी घोरा होते. डब्याच्या सुट्टीत मुली माझ्यामागे टापा वाजवत यायच्या. एकीनं माझ्या दप्तराच्या पट्ट्याला दोरी बांधून लगाम केला होता. घरी येऊन मी हे सांगितलं नाही. आईचं 'आलीस का गो बाय, जेवाला ये, मासली तललीय' हे दारातच ऐकलं आणि मला वाटलं, मला घोरा करणारी ही बाई. हिनंच मला हे तोंड दिलं.

स्वतःची जीभ मी सहा महिन्यांत वळवली. आरशासमोर उभी राहून गाडी, झाड, वाडा, डोळा, केळं असं म्हणत राहायचे. शेजारच्या केळकरकाकूंचं बोलणं कान देऊन ऐकायचे. पुढच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तिथं मी थांबले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण बक्षीस समारंभाला पालकांना बोलावलं होतं, आणि आई येणार होती, आणि ती कुणाशी तरी बोलणार होती.

मी तिला शिकवायला सुरुवात केली. ती पाट्यावर बसलेली असायची, मी समोर स्टुलावर. 'म्हण, झाड.' 'झार.' 'झाड.' 'झाऽर.' पहिले काही दिवस ती हसायची. तिला तो खेळ वाटला. तिची पोर शिकतेय आणि तिलाही शिकवतेय याचा आनंद तिच्या तोंडावर दिसायचा, आणि मला तिच्या हसण्याचाच राग यायचा. मग मी नियम केला. आईनं बोलीतला शब्द वापरला की मला ऐकू येत नाही. 'बाय गो, जेवतंस का?' मला ऐकू येत नाही. 'पोरी, तुनाच विचारतंय.' मला ऐकू येत नाही. ती पुन्हा पुन्हा विचारायची, मग थांबून, डोळे बारीक करून, दगडावर दगड ठेवावा तसा एकेक शब्द ठेवत म्हणायची, 'सुलभा, जेवतेस का?' मग मी म्हणायचे, 'हो आई, वाढ.' बाबांना मी कधी टोकलं नाही. बाबा आईपेक्षा जास्त बोलीत बोलायचे. पण बाबांचा हात जड होता. आई मारत नव्हती, म्हणून तिला सुधारता येत होतं.

एक दुपार अजून अंगावर येते. मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसले होते, आई आत बोंबील तळत होती. कढईतलं तेल तिच्या मनगटावर उडालं. थोडं नव्हे, चांगलंच. ती ओरडली, 'बाय गो, पानी! पानी दे!' मी जागची हलले नाही. माठ माझ्या हाताशी होता. 'पानी दे गो, जललं!' मी पुस्तकाचं पान उलटलं. मला आठवतंय, मी वाचत नव्हते, नुसतं पान उलटलं. तिला ते दिसावं म्हणून. आतून काही क्षण आवाज आला नाही. मग ती दारात आली, एका हातानं दुसरा हात धरून, आणि म्हणाली, 'पाणी. पाणी दे.' ण नीट आला होता. मी उठून तांब्या भरून दिला. वर 'बघ, जमतं की नाही?' असंही म्हणाले. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. एखाद्या कचेरीतल्या साहेबाकडे बघावं तसं बघत होती.

त्यानंतर ती भराभर शिकली. बक्षीस समारंभाला ती आली, खुर्चीच्या काठावर बसली, आणि माझ्या बाईंना मी पाठ करून दिलेली तीन वाक्यं तिनं बिनचूक म्हणून दाखवली. चौथं वाक्य बोलली नाही. बाईंनी आणखी काही विचारलं तर नुसती हसली. मी खूश होते. घरात आता आवाज कमी झाला होता, तेही मला आवडत होतं. भाकरीशी बोलणं बंद झालं. गॅलरीतून वाण्याला ओरडून सांगणं बंद झालं. घशात काही अडकून बसलंय असं वाटून माणूस खाकरतो, तशी ती कधी कधी पाट्यावर बसून नुसती खाकरायची. केळकरकाकू एकदा मला म्हणाल्या, 'सुलभा, तुझी आई हल्ली गप्प असते गं. त्यांचं ते बोलणं किती गोड वाटायचं.' मला वाटलं, काकू चेष्टा करताहेत. आज कळतं, त्या करत नव्हत्या. आईनं बदलावं असं त्या सबंध इमारतीत माझ्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं.

परवा माझी नात म्हणाली, 'आजी, मी काल आलेली ना, तू झोपलेली.' माझ्या तोंडाशी आलं होतं, आले होते म्हण. जीभ दातांत धरली. तिच्या फोनवर आमच्या बोलीतली लग्नाची गाणी वाजतात, आणि तिच्या मैत्रिणी, ज्यांच्या घरात ही बोली कधी नव्हती, त्या तोंडपाठ म्हणतात. 'आजी, तुला येतं का गं हे बोलायला?' तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते.

मी दहावीत असताना आंबिवलीची आजी गेली. निरोप केळकरकाकूंच्या फोनवर आला, सकाळी दहाच्या सुमाराला. बाबा कामावर होते. काकू चांगल्या बाई. आम्हा दोघींना एकटं कसं सोडायचं म्हणून पदर खोचून त्याही निघाल्या. गाडीत आई खिडकीशी बसली होती. कल्याणला गाडी बदलली, आंबिवलीला उतरलो, बांधाबांधानं चालत गेलो. वाटभर ती एक शब्द बोलली नाही. काकू मधेच तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मी मागून चालत होते, आणि मला आजीचं दुःख होतं, नव्हतं असं नाही, पण त्याहून मोठी एक काळजी होती, की काकू आता आमचं ते घर बघणार, आमची माणसं बघणार, आणि ती माणसं बोलणार.

आमच्याकडे मेलेल्या माणसाशी बोलत रडतात. नुसत्या हुंदक्यांना कुणी रडणं म्हणत नाही. लेक दारात आली की बाया वाट करून देतात, आणि ती आईच्या अंगावर पडून तिला नावं ठेवते, तिला जाब विचारते, तिनं काय काय खाऊ घातलं ते मोजून सांगते, सगळं सुरात. गावभर ऐकू जातं. जिची लेक अशी रडते ती आई भरल्या घरातून गेली असं म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा धाकटी मावशी रडत होती. 'आये गो, मना सोरून गेलीस गो, आता मी कोनाला आय म्हनू गो.' आईला बघताच ती बाजूला सरली. बाया गप्प झाल्या. सगळ्यांना माहीत होतं, थोरली लेक आली, आता जना रडणार. जनाचा आवाज अख्ख्या गावात प्रसिद्ध होता.

आई आजीच्या उशाशी उभी राहिली. तिची छाती वर आली. तोंड उघडलं. आणि मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या शेजारी काकू उभ्या होत्या. आईनं त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी भुवया आवळल्या. फार नाही, किंचित. घरी तिचा शब्द चुकणार असं वाटलं की आवळायचे तेवढ्याच. एवढं केलं मी. माझी आजी समोर मरून पडली होती आणि मी एवढं केलं.

आईची छाती खाली गेली. ती आजीच्या पायाशी बसली, पदर नीट केला, आणि साध्या आवाजात म्हणाली, 'आई, तू मला सोडून गेलीस.'

बस. एवढंच. पुढे काही नाही. हात जोडले आणि बसून राहिली. 'सोडून'मधला ड अगदी स्वच्छ आला होता, आणि मला अभिमान वाटला. लपवत नाही. पहिल्यांदा जे वाटलं ते हेच.

मग मावशीनं आईचे खांदे धरून हलवलं. 'रर गो जने, रर. आय गेली आपली. रर.' आई हलवली तेवढीच हलत होती. मागून एक म्हातारी म्हणाली, कुजबुजत नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं, 'शेरान जाऊन दगर झाली ही.' त्या घरातून आजीला उचलेपर्यंत आईच्या तोंडून आवाज आला नाही. काकू मात्र डोळे पुसत होत्या. काकूंची आणि आजीची भेटही नव्हती कधी.

आजीला नेल्यावर मावशी मला हाताला धरून परसात घेऊन गेली. गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं. तिचा घसा बसला होता. माझी हनुवटी धरून तिनं तोंड वर केलं आणि म्हणाली, 'तू माजे भयनीची जीभ कापलीस. मी बगितला तू कं केलास ते. आज तिची आय मेली, आनि तिना ररता पन नाय आला. झाला तुज्या मनासारका?'

मी म्हणाले, 'मी काही केलं नाही, मावशी. ती स्वतःच...'

'आनि ती कशी बोलतंय तं ठरवनारी तू कोन गो? तिनी तुना पोटात ठेवली का तू तिना?' हनुवटी सोडून तिनं हात लुगड्याला पुसला. मला शिवल्यावर हात पुसला. मग रिकामी कळशी माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, 'जा, पानी आन. बाया आंघोलीला बसल्यात.'

मी पाणी आणलं. अकरा वेळा विहिरीवर गेले.

वर्तकनगरला परतल्यावर मी आईला म्हणाले, 'आई, आजपासून तू तुझं बोल. जसं बोलायचीस तसं.' ती पाट्यावर वाटण घेत होती. 'बरं,' म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, 'सुलभा, जेवायला वाढू का?' मी म्हणाले, तसं नाही, तुझं बोल. तिनं विचारलं, 'काही चुकलं का माझं?' असं आठवडाभर चाललं. मला वाटत होतं, मी दार उघडून दिलंय आणि ही मुद्दाम बाहेर येत नाही. मला शिक्षा करतेय. आठव्या का नवव्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. 'घोरा म्हण! म्हण ना, घोरा! येतं तुला!' ती भिंतीला टेकली. ओठ हलले. ती खरंच प्रयत्न करत होती, मी सांगितलं म्हणून, जसं आजवर सगळं केलं तसं. 'घोडा,' ती म्हणाली. मग घाबरून पुन्हा म्हणाली, 'घोडा.' मी तिच्या हातातला वरवंटा घेऊन मोरीत फेकला. फरशीचा टवका उडाला. तिनं वरवंटा उचलून धुतला आणि उरलेलं वाटण वाटलं.

माणसाला वाटतं, आपण चूक सुधारली की आपण बदललो. मी बदलले नव्हते. आधी मी तिला शुद्ध बोलायला लावत होते, मग अशुद्ध बोलायला लावायला लागले. दोन्हीकडे छडी माझ्याच हातात होती. ती पुढे किती वर्षं माझ्या हातात राहिली! माझं लग्न झालं, डोंबिवलीला बिऱ्हाड केलं, नोकरी लागली, मुलगी झाली. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. मी तिला टेपवर जुन्या बायकांची गाणी आणून दिली. तिच्या माहेरच्या माणसांना बोलावलं. दर वेळी मी दाराआडून कान लावून बसायचे, ती बोलते का बघायला. बोलायची. मी आत गेले की थांबायची. मग मी म्हणायचे, 'बोल ना आई, थांबलीस का?' आणि ती म्हणायची, 'काही नाही, असंच.'

शेवटी मी मावशीलाच आठ दिवस ठेवून घेतलं. मावशी तोवर म्हातारी झाली होती, राग विसरली होती, किंवा विसरल्यासारखं करत होती. जेवताना मी मुद्दाम मोडक्या बोलीत काहीतरी बोलले. मावशी हसली. मी आईला म्हणाले, 'बघ, मावशीला चाललं. आता तू.' आईनं घास ताटात ठेवला. माझ्यावर तिचा आवाज चढलेला मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता, तेव्हाही फारसा चढला नाही.

'सुलभा,' ती म्हणाली, 'आता तरी मला राहू दे. तुझ्याशी मी अशीच बोलणार. तू शिकवलंस, मी शिकले. आता हे माझं आहे. तुला आवडो, न आवडो.'

मावशी ताटाकडे बघत राहिली. रात्रंदिवस विचार केला असं म्हणणार नाही, पण त्या जेवणानंतर मी तिला काही सांगायचं सोडलं. सोडलं म्हणजे मोठ्या मनानं सोडलं असं कुणी समजू नये. हरले म्हणून सोडलं. तिनं मला हरवलं आणि तसं करताना एकही शब्द चुकला नाही. सुरुवातीचे महिने फार अवघड गेले. तोंडापर्यंत आलेलं गिळायला लागायचं, औषध कमी केल्यावर अंगाला होतं तसं व्हायचं. मग हळूहळू सवय झाली. ती कशी बोलते याकडे लक्ष जाईना, काय बोलते ते ऐकू यायला लागलं. गुडघे दुखतात, असं ती कितीतरी दिवस सांगत होती. मला ते तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

तिच्या शेवटच्या वर्षी आमच्या दारावर एक मासळीवाली यायची, खाडीकडच्या गावातली. मी स्वयंपाकघरात असायचे. बाहेर पाटी टेकल्याचा आवाज यायचा आणि मग आईचा आवाज सुरू व्हायचा. मोठा, बांधावरून बांधावर जाणारा. त्या दोघी कुणाच्या तरी सुनेची टवाळी करायच्या, मासळीवाली काही चावट बोलायची, आणि आई अशी हसायची की शेजारचा कुत्रा भुंकायला लागायचा. गॅसवर दूध असायचं. ते उतू गेलं तरी माझं लक्ष नसे, आणि बाहेर मी जात नसे. ओट्याला पाठ टेकून उभी राहायचे. अर्धा तास, कधी त्याहून जास्त. नवऱ्यानं काही विचारलं तर हातानं गप्प करायचे. तिथं मला बोलावलेलं नव्हतं, आणि आता मी न बोलावता जात नव्हते.

मग पाटी उचलल्याचा आवाज यायचा, दार लागायचं, आणि आई ताटलीत मासे घेऊन आत यायची. तोंडावर हसू अजून असायचं, उंबऱ्यापर्यंत. आत आली की ते नीट घडी घालून ठेवल्यासारखं जायचं.

'सुलभा, पापलेट ताजे आहेत,' ती म्हणायची. 'तळू का?'

'तळ, आई,' मी म्हणायचे.